गोळ्यांचं पान

"बाई, मला सगळी गोष्ट नको आहे. कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढंच सांगा."

तळेगावच्या एका हॉस्पिटलमध्ये, तातडीच्या विभागात, एका डॉक्टरने मला हे ऐकवलं. वयाने तो माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान असेल. मागे स्ट्रेचरवर माझ्या सासूबाई होत्या, मी त्यांना आईच म्हणते. उजवा खुबा मोडलेला, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. आणि माझ्या हातात दोनशे पानी वही. वहीत सगळं होतं. आईंना कधी ताप आला, कधी डोकं दुखलं, कोणत्या डॉक्टरांनी काय दिलं, त्या दिवशी किती भाकरी गेली, झोप लागली की नाही, सव्वा वर्षाचं सगळं, तारीखवार, निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात. आणि मी त्या डॉक्टरसमोर उभी राहून पानं उलटत होते.

"एक मिनिट हं. दिवाळीच्या आसपास एक सुरू झाली होती... नाही, ही त्याआधीची... थांबा, इथेच कुठेतरी आहे."

तो थांबला नाही. "बीपीची आहे ना? बस." त्याने फॉर्मवर 'बीपीची गोळी चालू' असं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेला. मी वही छातीशी धरून तशीच उभी राहिले. त्याचा राग मला आजही येतो. पण त्याच्यापेक्षा जास्त राग त्या वहीचा येतो, आणि वही माझी होती.

मी लोणावळ्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. बावीस वर्षं झाली. सकाळी तळेगावहून लोकल पकडायची, पुस्तकं नोंदवायची, विषय ठरवायचा, क्रमांक घालायचा, फळीवर लावायची, संध्याकाळी परत. भूगोलाचं पुस्तक भूगोलात, शेतीचं शेतीत, आणि जे दोन्हीकडचं असेल त्याच्या नोंदीत खाली 'हेही पाहा' असं लिहून दुसरा विषय. पुस्तकं आली त्या क्रमाने कुणी फळ्यांवर रचून ठेवली, तर त्याला आम्ही ग्रंथालय म्हणत नाही, गोदाम म्हणतो. नव्या विद्यार्थ्यांना हे वाक्य मी दर वर्षी हसत हसत सांगत आले. आणि घरी, ज्या बाईचा जीव त्यात अडकला होता तिच्याबाबतीत, मी सव्वा वर्ष गोदाम भरत होते.

सासूबाईंचं घर नवलाख उंबरे गावाच्या बाजूला. माहेर इंदुरीचं. जमीन बरीचशी कंपन्यांच्या कुंपणाआड गेली, दीड एकर भाताची उरली, ती त्यांनी कुणाला कसू दिली नाही. सासरे गेल्यावर आम्ही म्हटलं, तळेगावला चला. त्या म्हणाल्या, "तितं तिसऱ्या मजल्यावर बसून म्या काय करू? कुंड्यांत भात लावू व्हय?" वयाची सत्तरी ओलांडल्यावरही काष्टा घालून वाफ्यात उतरल्या की लावणीच्या ओळीत सगळ्यांच्या पुढे असायच्या. मागे राहणाऱ्या गावातल्या सुनांना त्या शिव्या द्यायच्या, आणि त्या सुना माझ्याही वयाच्या होत्या. हे सांगते, कारण पुढे ज्याने त्याने त्यांच्याविषयी एकच वाक्य म्हटलं, 'वय झालंय.' वय कुणाचं होत नाही? पण ह्या बाईचं वय नेमक्या कोणत्या महिन्यात झालं, ते कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

सुरुवात अगदी साधी होती. होळीच्या सुमारास त्यांचं डोकं सारखं दुखायला लागलं. तळेगावच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, हृदयाचे तज्ज्ञ. बीपी निघालं. सकाळी एक गुलाबी गोळी, कायमची. मी त्याच दिवशी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'आजपासून गुलाबी गोळी, सकाळी नाश्त्यानंतर.' दर रविवारी आम्ही गावाला जायचो, त्या आठवडाभरातलं सांगायच्या आणि मी लिहून घ्यायचे. मधल्या दिवशी फोनवर. माझे मिस्टर देहूरोडला लष्कराच्या मालाच्या डेपोत आहेत. ते म्हणायचे, "तुझी आपली सारखी लिखापढी." त्यांना मी लिहिते याचं कौतुकही होतं. मलाही होतं. फार होतं.

पावसाळा सरता सरता आईंना सर्दी-ताप झाला. शेजारणीला घेऊन त्या एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं, बीपी मोजलं, ते जास्त भरलं, आणि रोज सकाळी घ्यायला एक पांढरी गोळी दिली. रविवारी आईंनी मला पाकीट दाखवलं. मी लिहिलं, 'नवी गोळी, पांढरी, सकाळी एक.' गुलाबीचं पान चाळीस पानं मागे कुठेतरी राहिलं होतं. तिथे बघायचं माझ्या मनातही आलं नाही. दोन डॉक्टर, दोन गोळ्या, तेव्हा कामंही दोन असणार, असं मी धरून चालले. पुढच्या महिन्यापासून दोन्ही पाकिटं आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मीच आणून द्यायला लागले.

दिवाळीत त्यांचे पाय सुजले. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा. रस्त्यावरचा तोच दवाखाना. "पाणी साठतंय," म्हणून एक छोटी गोळी मिळाली, तिने लघवी जास्त व्हायची. मी लिहिलं. संक्रांतीनंतर आईंना चक्कर यायला लागली. त्या तिला अंधारी म्हणायच्या. "उठून उभी राह्यले का डोळ्यापुढं अंधारी येती, मंग जरा भिताडाला टेकते." मी लिहिलं. तळेगावच्या तज्ज्ञांकडे पुन्हा नेलं. त्यांनी खुर्चीत बसवून बीपी मोजलं. "बीपी तर एकदम छान आहे."

मी म्हटलं, "डॉक्टर, यांना इतरही गोळ्या चालू आहेत."

"हो हो, चालू राहू द्या." मान वर न करता. "वय झालंय, हळू उठायचं. कॅल्शियम देतो."

कॅल्शियम. मी तेही लिहिलं.

त्यानंतर त्या पहिल्यांदा पडल्या त्या शेताच्या बांधावर. हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा नळापाशी, कोपर सोलवटलं. दोन्ही वेळा मी वहीत तारीख टाकून लिहिलं, काय करत होत्या, किती वाजले होते, काय खाल्लं होतं. तिसऱ्यांदा ऐन उन्हाळ्यात, सकाळी दहाच्या सुमारास, परसदारी वाळवण उचलायला वाकून उठल्या त्या तशाच खाली आल्या. खुबा मोडला. बाकीचं वर सांगितलं आहेच.

ऑपरेशन झालं. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये काढले. त्या दिवसांत त्यांचं बीपी कमी भरत होतं म्हणून जुन्या सगळ्या गोळ्या थांबवल्या होत्या. घरी सोडताना जो कागद दिला त्यात रक्त पातळ करायची एक गोळी महिन्यापुरती होती, आणि शेवटच्या ओळीत होतं, 'पूर्वीच्या गोळ्या चालू ठेवाव्यात.' कोणत्या पूर्वीच्या, कुणाच्या, किती, काही नाही. मी आज्ञाधारकपणे जुन्या तिन्ही सुरू केल्या. तळेगावला आमच्याच घरी आणलं होतं त्यांना. पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी वॉकर धरून उठल्या आणि त्यांचे डोळे फिरले. मी पाठीमागेच होते म्हणून पलंगावर बसवता आलं.

जरा सावरल्यावर त्या म्हणाल्या, "बघ, आली का परत अंधारी? दवाखान्यात न्हवती ती."

मी म्हटलं, "तिथे तुम्ही झोपूनच होतात ना आई."

"कुटं झोपून? ती पोरगी मला रोज उठवून चालवत न्हवती व्हय? येकदा बी आली न्हाई."

त्या बरोबर बोलत होत्या. तिथल्या फिजिओथेरपीवाल्या मुलीने त्यांना तिसऱ्या दिवसापासून उभं केलं होतं. मी वहीत शोधलं. सापडलं, पण ते शोधायला मला वीस मिनिटं लागली. एक साधा प्रश्न, चक्कर कधी होती आणि कधी नव्हती. त्याचं उत्तर माझ्याच अक्षरात पंचवीस ठिकाणी विखुरलेलं होतं, भाकऱ्यांच्या आणि झोपेच्या आणि शेजारणीच्या भांडणांच्या मध्ये. मला स्वतःचा इतका संताप आला की वही भिंतीवर फेकावी वाटली. फेकली नाही. रविवार होता, दुपार मोकळी होती. फुलस्केप कागद काढले आणि जेवणाच्या टेबलावर बसले.

ग्रंथालयात एखाद्या विषयाची फार पुस्तकं झाली की आम्ही विद्यार्थ्यांसाठी त्या विषयाचं एक पान करतो. हा विषय म्हणजे काय ते दोन ओळींत, सुरुवात कुठून करायची, कशासाठी कोणतं पुस्तक आणि ते कोणत्या फळीवर, आणि तळाशी 'हेही पाहा'. ते एक पान वाचलं की मुलाला अख्खं कपाट उपसावं लागत नाही. शेकडो केली असतील मी अशी पानं. तेच करायचं होतं, विषय तेवढे वेगळे.

पहिला कागद वाया गेला. वर 'चक्कर' लिहिलं आणि वहीतलं सगळं जसंच्या तसं उतरवत सुटले. दीड पान भरलं तेव्हा लक्षात आलं की ही दुसरी वहीच होते आहे. फाडला. आधी वहीच्या पानांना क्रमाने नंबर घातले, मग दुसऱ्या कागदावर 'चक्कर' या शब्दाखाली फक्त एवढंच, की कधी, काय करताना, वहीचं पान अमुक. एकेक ओळ. असंच 'पडणं'. असंच 'सूज'. 'झोप' म्हणून एक पान केलं, त्यातून काहीच निघालं नाही. 'जेवण'मधूनही नाही. पण 'चक्कर'चं पान पुरं झालं तेव्हा मी पेन खाली ठेवलं. संक्रांतीआधी एकही ओळ नव्हती. त्यानंतर आठवड्याला एक, मग दोन, मग तीन. हॉस्पिटलच्या अकरा दिवसांत कोरं. आणि घरी आल्यावर पुन्हा. तळाशी मी सवयीने लिहिलं, 'हेही पाहा: गोळ्या.' आणि गोळ्यांचं पान अजून केलेलंच नव्हतं.

ते करायला घेतलं आणि लाजेने माझे कान तापले. वहीत मी गोळ्यांची नावं लिहिलेलीच नव्हती. गुलाबी. पांढरी. छोटी. सव्वा वर्ष, जणू त्या गोळ्या नसून चॉकलेटं होती. आईंचा औषधांचा डबा आणला, पाकिटं उलटी केली, नावं उतरवू लागले. ठळक अक्षरातलं नाव दोन्हीचं वेगळं. दोन कंपन्यांची दोन नावं. त्या नावाखाली बारीक अक्षरात खरं औषध छापलेलं असतं. ते वाचायला मी मिस्टरांचं भिंग घेतलं. गुलाबीवरचं उतरवलं. मग पांढरीवरचं. अक्षर न् अक्षर तेच. मिलिग्रॅमचा आकडाही तोच.

मी तीनदा वाचलं. मग पाकिटं घेऊन तशीच खाली उतरले आणि मेडिकलमध्ये गेले. तिथे जे गृहस्थ बसतात ते आम्हाला वर्षानुवर्षं ओळखतात. त्यांनी दोन्ही पाकिटं उलटी करून शेजारी शेजारी धरली.

"मॅडम, हे एकच आहे."

"म्हणजे त्या डबल डोस घेत होत्या?"

"हो. आणि पायाला सूज येते बरं का यानं. काहींना येते." त्यांनी छोटीचं पाकीट पाहिलं आणि मान हलवली. "आणि मग सुजेसाठी ही. त्यानं बीपी आणखी खाली जातं."

"दोन्ही पाकिटं तुम्हीच मला देत होतात. महिन्याच्या महिन्याला. एकाच पिशवीत."

त्यांनी पाकिटं काउंटरवर ठेवली. मग म्हणाले, "दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या होत्या मॅडम. मला वाटलं, त्यांनी बघून दिल्यात."

मला वाटलं! त्या एका वाक्यावर आमच्या सगळ्यांचं चाललं होतं. तज्ज्ञांना वाटलं मी सांगेन, दवाखान्यातल्या डॉक्टरांना वाटलं आई सांगतील, मेडिकलवाल्यांना वाटलं डॉक्टरांनी पाहिलं असेल, आणि मला वाटलं मी लिहून ठेवते म्हणजे मला माहीत आहे.

सोमवारी सकाळी गोळ्या देण्याआधीच आम्ही दोघं तज्ज्ञांकडे गेलो. आईंजवळ शेजारच्या मावशी बसल्या. मी दोनच पानं नेली, 'चक्कर' आणि 'गोळ्या'; सुजेच्या आणि पडण्याच्या तारखा गोळ्यांच्याच पानावर उतरवून घेतल्या होत्या. डॉक्टरांनी गोळ्यांचं पान पाहिलं. पाकिटं पाहिली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"पांढरी बंद करा. छोटीपण बंद. गुलाबी चालू. रोज बीपी मोजा, बसून आणि उभं राहून. आठवड्याने दाखवा."

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच."

"डॉक्टर, मी तुम्हाला ह्याच खुर्चीत बसून सांगितलं होतं की इतर गोळ्या चालू आहेत."

"कोणत्या, ते सांगितलं होतंत का?"

"तुम्ही विचारलंत का? 'चालू राहू द्या' म्हणालात. न बघता. कोणत्या ते माहीत नसताना चालू राहू द्या कसं म्हणालात?"

"हे बघा, या वयात पडण्याला दहा कारणं असतात."

माझा आवाज चढला. बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल इतका. "वय! वय त्यांचं गेल्या वर्षीच्या होळीला पण तेवढंच होतं. तेव्हा त्या शेतात होत्या. हे पान बघा, इथे पांढरी गोळी, इथे सूज, इथे छोटी गोळी, इथे चक्कर, इथे, इथे आणि इथे पडल्या. ह्यात वय कुठे लिहिलंय? दाखवा मला!"

दार उघडून कंपाउंडर आत डोकावला. मिस्टरांनी माझं कोपर धरलं. मी म्हटलं, "तुमच्या कागदावर लिहून द्या, की एकच औषध दोनदा चालू होतं." डॉक्टर म्हणाले, "मी काय बंद करायचं ते लिहिलं आहे," आणि त्यांनी बेल वाजवली. पुढचा पेशंट.

बाहेर स्कूटरपाशी मिस्टर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात परत ह्यांच्याकडेच यायचंय आपल्याला."

"म्हणून मी गप्प बसू?"

"गप्प बस नाही म्हणत. पण ओरडून काय मिळालं?"

"तुमच्या डेपोत कुणी एकाच मालाची दोनदा नोंद केली, आणि त्यानं कुणी जखमी झालं, तर काय होतं?"

"चौकशी बसते."

"मग इथे कुणाची बसली?"

त्यांनी स्कूटर सुरू केली. त्यांच्यावरही राग होता माझा. आई त्यांची, आणि ओरडायची वेळ आली की शहाणपण त्यांना सुचायचं. संध्याकाळी मात्र बघितलं तर ते स्टेशनजवळून बीपी मोजायचं मशीन घेऊन आले होते आणि आईंच्या दंडाला पट्टा बांधत होते. मी आकडे लिहून घेतले.

शनिवारी मी एकटीच एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या त्या दवाखान्यात गेले. बाकावर कंपनीतले कामगार, एकाच्या हाताला रुमाल गुंडाळलेला, त्यातून रक्त आलेलं. डॉक्टर पन्नाशीचे, दमलेले, शर्टाचं वरचं बटण उघडं. ह्यांच्याशी भांडायचं ठरवूनच गेले होते. गोळ्यांचं पान पुढे ठेवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. अगदी तळाच्या 'हेही पाहा'पर्यंत.

"मी विचारलं होतं त्यांना," ते म्हणाले. "दुसरी काही गोळी चालू आहे का, म्हणून. मी सगळ्यांनाच विचारतो. नाही म्हणाल्या."

"आणि पाय सुजले तेव्हा? तेव्हा तुमचीच गोळी चालू होती. तिनं सूज येते, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यांनी चष्मा काढला. "माहीत होतं. तेव्हा सुचायला हवं होतं." तो पुसत म्हणाले, "चुकलं माझं."

इतका राग घेऊन आले होते, आणि ठेवायला जागाच मिळाली नाही. मी पान उचललं आणि निघाले. रस्त्यावर कंपन्यांच्या बस उभ्या होत्या, दुसऱ्या पाळीची माणसं चढत होती, आणि मी रिक्षाची वाट बघत उभ्या उभ्या रडले. चूक मान्य करणाऱ्याचा जास्त राग येतो, हे मला नवीन होतं.

घरी आल्यावर आईंना विचारलं, "त्या डॉक्टरांनी विचारलं होतं का तुम्हाला, दुसरी गोळी चालू आहे का?"

"इचारलं असंल."

"मग तुम्ही नाही का म्हणालात?"

"अगं, बीपीची गोळी म्हंजी काय गोळी व्हय? ती तर रोजचीच. आजारी पडल्यावर घ्यायची ती गोळी." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आन मला कशापायी इचारतीस? मला वाचता येत न्हाई. तू सव्वा वरीस लिवत होतीस. येकदा तरी वाचलंस का ते?"

हे ऐकून मी स्वयंपाकघरात गेले. कणीक मळायला घेतली, जेवढी लागणार होती त्याच्या दुप्पट मळली. त्यांनी हे रागाने म्हटलं नव्हतं. पाऊस पडला का, असं विचारावं तसं विचारलं होतं. लिहिताना मला फार जबाबदार वाटायचं. तारीख टाकली, खाली रेघ मारली, वही मिटली की काम झालं असं वाटायचं. त्या रेघेखाली काय साठत चाललं होतं, ते बघणं कुणाचं काम होतं? माझंच.

दहा-बारा दिवसांत अंधारी थांबली. घोट्यांची सूज उतरली, पैंजणाच्या जागी पूर्वी दिसायची ती हाडं पुन्हा दिसू लागली. पण खुबा पूर्वीसारखा झाला नाही. वॉकर गेला, काठी आली, काठी काही जायची नाही. डॉक्टर म्हणतात, छान प्रगती आहे. त्या वर्षी लावणीला वाफ्यात त्यांच्या जागी दुसऱ्या बायका उतरल्या, आणि त्या बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, पहिल्यांदाच, चपला घालून. ओळ वाकडी गेली की तिथूनच शिव्या देत होत्या. बायका हसत होत्या. मला हसता आलं नाही.

पानं मी ठेवली आहेत. आता आठ आहेत, एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि गोळ्यांचं सगळ्यात वर. त्यावर आज काय चालू आहे तेवढंच, औषधाच्या खऱ्या नावाने, कुणी दिलं, कशासाठी, कधीपासून. बंद केलेलं खाली, का बंद केलं त्यासकट. काही बदललं की ते पान नव्याने लिहायचं आणि जुनं मागे लावायचं. वही अजूनही चालू आहे. पण दर रविवारी वहीतला आठवडा वाचून पानांवर नेल्याशिवाय मी नवा आठवडा सुरू करत नाही. कॉलेजमधल्या एका शिक्षिकेने हे बघून विचारलं, "एवढं कशाला? फोनमध्ये फोटो काढून ठेवायचे ना." फोटोही गोदामच, असं मी तिला सांगितलं. जरा तुसडेपणानेच सांगितलं.

मागच्या महिन्यात आईंना दातांसाठी नेलं. दाढ काढायची होती. तळेगावातलाच नवा दवाखाना, चकचकीत, डॉक्टरीण बाई तरुण. तिने विचारलं, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" मी पान पुढे केलं.

तिने त्यावर हात ठेवला आणि बाजूला सरकवलं. "नाही, तोंडीच सांगा ना पटकन. बीपी, शुगर, काय काय आहे?"

मी तोंड उघडणार तोच खुर्चीत आडव्या झालेल्या आई काठीवरचा हात उचलून म्हणाल्या, "वाचा की बाई. येकच पान हाय. तिनं लिवलंय, आन तिनं वाचलंय बी. आता तुमची बारी."

डॉक्टरीण बाईंनी आईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पान परत ओढलं. वाचायला तिला मिनिटसुद्धा लागलं नाही. मग ती म्हणाली, "ही रक्त पातळ करायची गोळी ऑपरेशननंतर दिली होती ती बंद झालीय ना? कधी?"

तारीख पानावरच होती. मी बोट ठेवून दाखवली. तिने ती आपल्या कागदावर उतरवून घेतली, आणि आईंना म्हणाली, "आ करा आजी."